हृदयाच्या झडपेवरील गुठळी आणि तिचे भाकीत

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत एका हृद्रोगतज्ज्ञाने दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी मजसारख्या वैद्यकी करणाऱ्या माणसास चार शब्द बोलण्याची संधी दिली, याबद्दल मी चालकांचा ऋणी आहे. या वास्तूशी माझा संबंध आजचा नव्हे. शिक्षणासाठी इंदुरास आलो तेव्हा दोन वर्षे संस्थेच्या वसतिगृहात राहिलो. येथल्या पंगतीतील आमटीभातावर माझे वैद्यकीचे पहिले धडे झाले. तेव्हा आजचे भाषण म्हणजे त्या जुन्या ऋणाचा एक लहानसा हप्ता आहे, असे आपण समजावे.

चिटणीसांनी मला ‘हृदयविकार आणि आहार’ हा विषय सुचविला होता. त्या विषयावर हल्ली जो तो बोलतो. तेव्हा त्यांची क्षमा मागून मी एक कमी ऐकिवातला विषय निवडला आहे. हृदयाच्या झडपांना जंतूंची लागण झाली असता तेथे एक गाठ धरते. तिचा तुकडा सुटून मेंदूकडे जाईल किंवा नाही, याचे भाकीत डॉक्टर कसे करतात, आणि ते भाकीत ऐकून घरच्या माणसांनी काय करावे, हे मला सांगावयाचे आहे. विषय थोडा कठीण आहे. परंतु प्रसंग आला म्हणजे तो समजून घ्यावयास वेळ उरत नाही, म्हणून आज निवांतपणे बसलो असतानाच ऐकून ठेवावा.

प्रथम माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी देवासहून एक शिक्षिका मजकडे आली. वय तिशीच्या आतबाहेर. लहानपणी तिला सांधे धरणारा ताप, म्हणजे ऱ्हुमॅटिक फीव्हर, येऊन गेला होता व त्याने हृदयाची मायट्रल झडप अधू झाली होती. तीन आठवडे बारीक ताप येत होता. औषधाच्या दुकानातून आणलेल्या गोळ्या दोनदा घेऊन झाल्या होत्या. त्यांनी ताप उतरे आणि पुन्हा चढे. आम्ही हृदयाचा एको काढला. झडपेच्या पडद्यावर चौदा मिलिमीटर लांबीची गाठ लोंबत होती. शस्त्रक्रियेचा विचार लौकर करावा लागेल, असे मी सांगितले. तेव्हा तिच्या धाकट्या भावाने विचारले, “डॉक्टरसाहेब, हा तुकडा सुटेलच असं आहे का?”

मी म्हणालो, “सुटेलच असं नाही.”

“मग थोरले दादा रविवारी मुंबईहून येताहेत. पैशांचीही जुळवाजुळव करायची आहे. तोवर थांबलं तर चालेल ना?”

मी मान हलविली. तो मंगळवार होता. शुक्रवारी सकाळी ती खाटेवर बसून केस विंचरीत होती. उजव्या हातातील फणी गळून पडली व पाठोपाठ वाचा गेली. ती वाचली. पुढे तिची शस्त्रक्रियाही झाली. आज ती चालते-फिरते, पण उजव्या हाताने खडू धरता येत नाही आणि बोलताना शब्द अडतो. ती पुन्हा वर्गावर गेली नाही. चार दिवस आधी शस्त्रक्रिया झाली असती तर हे खात्रीने टळले असते, असे कोणी म्हणू शकणार नाही. तथापि मी भावास दिलेले उत्तर अपुरे होते, ही खंत माझ्या मनातून गेलेली नाही. त्या अपुऱ्या उत्तराची पूर्तता मी आज आपणांसमोर करीत आहे.

आता रोगाकडे वळू. त्याचे नाव इन्फेक्टिव्ह एन्डोकार्डायटिस. आपल्या हृदयात चार झडपा आहेत. रक्त पुढे जाऊ द्यावे, मागे येऊ देऊ नये, एवढेच त्यांचे काम. निरोगी झडप रेशमासारखी गुळगुळीत असते; तिच्यावर जंतू सहसा टिकत नाहीत. परंतु ऱ्हुमॅटिक तापाने जून झालेली, जन्मतः सदोष असलेली, वयोमानाने चुना धरलेली किंवा शस्त्रक्रियेने बसविलेली कृत्रिम झडप असेल, तर तिच्यावर रक्तातील साकळणारे घटक चिकटतात. हिरड्यांतून, कातडीवरील जखमेतून किंवा शिरेत घातलेल्या नळीवाटे रक्तात शिरलेले जंतू तेथे आसरा घेतात. थरावर थर चढत जातो आणि शेवाळासारखा एक पुंजका तयार होतो. डॉक्टर त्यास व्हेजिटेशन म्हणतात. आपण गाठ किंवा गुठळी म्हणू. या गुठळीत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे शरीराच्या संरक्षक पेशी आत पोचत नाहीत आणि औषधही सावकाश भिनते. म्हणून बहुधा चार ते सहा आठवडे शिरेतून प्रतिजैविके द्यावी लागतात.

या गुठळीचा तुकडा सुटून रक्ताबरोबर वाहत जातो व कोठेतरी अरुंद वाहिनीत बुचासारखा अडकतो. त्यास एम्बॉलिझम म्हणतात. मराठी परिभाषेत ‘अंतर्कीलन’ असा शब्द आहे. डाव्या बाजूच्या झडपांवरील तुकडे बहुधा मेंदूत किंवा प्लीहेत जातात, कधी मूत्रपिंडात किंवा पायाच्या धमनीत. उजव्या बाजूचे फुप्फुसांत जातात. रोग्यांच्या निरनिराळ्या समूहांत शेकडा २० ते ५० जणांना असे होते, असे आढळले आहे. योग्य प्रतिजैविक सुरू झाल्यानंतर होणाऱ्या नव्या घटनांचे प्रमाण शेकडा ६ ते २१ इतके उतरते. काही तुकडे मुकाट्याने जातात. रोग्यास काहीच जाणवत नाही व मेंदूचे किंवा पोटाचे चित्रण केले तरच ते उमगते.

झडपेवरील तुकडा मेंदूत जाऊन अर्धांग होते, ही गोष्ट लंडनचे डॉ. विल्यम सेन्हाउस कर्क्स यांनी १८५२ साली दाखवून दिली. १८८५ साली डॉ. विल्यम ऑस्लर यांनी या रोगाचे चित्र आपल्या व्याख्यानांतून वैद्यांसमोर मांडले. पण ज्ञान आणि उपाय ही जोडीने येत नाहीत. व्हिएन्नाचे विख्यात संगीतकार गुस्टाव्ह मालर हे १९११ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क येथे तापाने आजारी पडले. त्यांची झडप आधीच अधू होती. त्यांच्या रक्तातून स्ट्रेप्टोकॉकस जंतू वाढवून दाखविण्यात आले. निदान अचूक झाले. तथापि हाती औषध नव्हते, आणि १८ मे १९११ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्या काळी भाकीत म्हणजे केवळ मरणाची वार्ता होती. पुढे पेनिसिलिन आले आणि १९४४ साली डॉ. लिओ लोवी यांनी त्या औषधाने सात रोगी बरे झाल्याचे प्रसिद्ध केले. १९७० नंतरच्या दशकात ध्वनिलहरींच्या साहाय्याने ही गुठळी जिवंत माणसाच्या छातीत हलताना दिसू लागली. झडप वेळेत दुरुस्त करणे किंवा बदलणे हेही शक्य झाले. भाकिताला खरा अर्थ आला तो तेव्हापासून. कारण ते ऐकून करण्याजोगे काहीतरी हाती आले.

आता हे भाकीत कशावरून करतात ते पाहू. पहिली गोष्ट म्हणजे गुठळीची लांबी. दहा मिलिमीटर, म्हणजे साधारण काबुली चण्याएवढी गुठळी झाली की धोका वाढतो. पंधराच्या पुढे, चिंचोक्याएवढी झाली, की आणखी वाढतो. दुसरी गोष्ट तिची हालचाल. घट्ट चिकटून बसलेल्या गुठळीपेक्षा देठावर लोंबणारी गुठळी अधिक भयाची. हृदय मिनिटास सत्तर वेळा पडते असे धरले, तर दिवसाकाठी झडपेची उघडमीट एक लाख वेळा होते. लोंबणाऱ्या गुठळीस तेवढे हिसके बसतात. तिसरी गोष्ट म्हणजे जागा. मायट्रल झडपेवरची गुठळी अधिक सुटते. चौथी गोष्ट जंतूची जात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू या बाबतीत फार वाईट, आणि बुरशीच्या गुठळ्याही मोठ्या व ठिसूळ असतात. पाचवी गोष्ट म्हणजे पूर्वेतिहास. एकदा तुकडा सुटला असेल तर दुसरा सुटण्याचा संभव वाढतो. औषध चालू असूनही गुठळी वाढत असेल, तर तेही अशुभ चिन्ह होय.

या साऱ्या गोष्टी एकत्र करून आकडा काढण्याचा प्रयत्न फ्रान्समधील डॉक्टरांनी केला व २०१३ साली प्रसिद्ध केला. ८४७ रोग्यांच्या माहितीवरून त्यांनी सहा बाबी निवडल्या: वय, मधुमेह, हृदयाची एट्रियल फिब्रिलेशन नावाची अनियमित गती, औषधाआधी झालेले अंतर्कीलन, गुठळीची लांबी आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियसची लागण. उपचार सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत या रोग्यांपैकी शेकडा साडेआठ जणांना लक्षणे दिसतील असे अंतर्कीलन झाले. सहा बाबी मांडल्या की समोरच्या रोग्याचा धोका या सरासरीपेक्षा कमी की अधिक, याचा अंदाज येतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्याकडे भाकीत म्हटले की पत्रिका आठवते. ज्योतिषी सांगतो ते एका माणसाचे. वैद्य सांगतो ते त्या माणसासारख्या शंभर माणसांचे. “शंभरांतील वीस जणांचा तुकडा सुटतो,” असे मी म्हणतो तेव्हा आपली बहीण त्या विसांत की ऐंशींत, हे मला ठाऊक नसते. म्हणून ‘सुटेलच काय?’ या प्रश्नास खरे उत्तर नाही. विचारावयाचा प्रश्न असा की, ‘धोका किती, तो कोणत्या दिवसांत सर्वांत अधिक, आणि थांबल्याने आम्हांस काय मिळणार आहे?’

यातील दिवसांची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, आणि मी त्या भावास नेमकी तीच सांगितली नाही. हा धोका सहा आठवड्यांवर सारखा पसरलेला नसतो. अनेक देशांतील १४३७ रोग्यांच्या पाहणीत, जी २००७ साली प्रसिद्ध झाली, असे दिसले की प्रतिजैविकाच्या पहिल्या आठवड्यात दर हजार रुग्ण-दिवसांमागे अर्धांगाच्या जवळजवळ पाच घटना घडल्या, तर दुसऱ्या आठवड्यात दोनांहूनही कमी. रुग्ण-दिवस म्हणजे एका रोग्याचा एक दिवस. शंभर रोगी दहा दिवस राहिले की हजार रुग्ण-दिवस होतात. यावरून दोन गोष्टी निघतात. योग्य औषध लौकर सुरू होणे हाच अंतर्कीलनावरचा पहिला उपाय आहे. आणि ज्याला शस्त्रक्रिया हवी आहे त्याने ‘पुढच्या आठवड्यात पाहू’ असे म्हटले, तर तो नेमका धोक्याचा काळ थांबण्यात घालवितो. मंगळवार ते रविवार हा आम्हांस लहानसा अवधी वाटला. त्या गुठळीला तो पाच लाख हिसक्यांचा होता.

लौकर शस्त्रक्रिया केल्याने लाभ होतो काय? कोरियातील डॉक्टरांनी याची परीक्षा केली. तिचा निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाला. डाव्या बाजूची झडप अतिशय बिघडलेली व गुठळी दहा मिलिमीटरहून मोठी, असे ७६ रोगी त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात त्या रीतीने दोन गटांत विभागले. ३७ जणांची शस्त्रक्रिया अठ्ठेचाळीस तासांच्या आत करावयाची होती. ३९ जणांना नेहमीच्या पद्धतीने वागविले. सहा आठवड्यांत दुसऱ्या गटातील आठ जणांना अंतर्कीलन झाले, पहिल्यातील एकासही नाही. मात्र सहा महिन्यांअखेर मृत्यूंच्या संख्येत ठळक फरक दिसला नाही. रोगी थोडे होते, सरासरी वय सत्तेचाळीस होते, आणि स्टॅफिलोकॉकसचे रोगी फारच थोडे होते. म्हणून हा निष्कर्ष सत्तरीच्या, मूत्रपिंड अधू असलेल्या माणसास जसाच्या तसा लावता येत नाही. युरोपच्या हृद्रोगतज्ज्ञांनी २०२३ साली दिलेले मार्गदर्शन याच धोरणाचे आहे: तुकडा एकदा सुटूनही दहा मिलिमीटरची किंवा त्याहून मोठी गुठळी शिल्लक असेल, किंवा तशा गुठळीबरोबर शस्त्रक्रियेस दुसरेही कारण असेल, तर त्वरेने शस्त्रक्रिया करावी, केवळ गुठळी मोठी असेल आणि शस्त्रक्रियेचा धोका कमी असेल, तर तिचा विचार करावा. शस्त्रक्रियेचाही धोका असतो, हे मी लपवू इच्छीत नाही. म्हणून हृदयाचा वैद्य, शस्त्रवैद्य आणि जंतुरोगांचा जाणकार यांनी एकत्र बसून निर्णय करावा हे उत्तम.

पुष्कळजण विचारतात, “रक्त पातळ करणारी गोळी दिली तर गुठळी विरघळणार नाही का?” विरघळत नाही. कॅनडात अॅस्पिरिनची परीक्षा झाली. ती २००३ साली प्रसिद्ध झाली. ११५ रोग्यांपैकी अॅस्पिरिन घेणाऱ्यांत अंतर्कीलन कमी झाले नाही, आणि रक्तस्रावाकडे कल मात्र अधिक दिसला. तेव्हा घरच्या घरी अशी गोळी सुरू करू नये. ज्यांस दुसऱ्या कारणाने ती चालू आहे त्यांनी डॉक्टरांस विचारावे. तसेच, अर्धांगाचा झटका आलेल्या माणसास पूर्वी काही दिवस ताप होता, किंवा त्याची झडप अधू आहे, तर ते इस्पितळाच्या दारातच सांगावे. नेहमीच्या झटक्यात रक्ताची गाठ विरघळविण्याचे इंजेक्शन देतात. या रोगात त्याने मेंदूत रक्तस्राव होण्याचे भय असते.

आता घरोघरी लक्षात ठेवावयाच्या गोष्टी. ज्याची झडप अधू आहे, ज्याला कृत्रिम झडप बसविली आहे किंवा ज्याला हा रोग पूर्वी होऊन गेला आहे, अशा माणसाचा ताप काही दिवसांत उतरला नाही, तर दुकानातून प्रतिजैविक आणून देऊ नये. आधी रक्त जंतुपरीक्षेसाठी द्यावे, मग औषध. त्या शिक्षिकेच्या रक्तातून काहीच वाढले नाही. आधी घेतलेल्या गोळ्यांनी जंतू दबले, पण मेले नाहीत. कोणत्या जंतूशी गाठ आहे हे कळले नाही म्हणजे औषधही चाचपडत द्यावे लागते आणि भाकिताचा एक पायाच निसटतो. तापाबरोबर एकाएकी हातापायातील बळ जाणे, बोबडी वळणे, एका डोळ्याने न दिसणे, डाव्या बरगडीखाली तीव्र कळ येणे किंवा एक पाय गार पडून दुखू लागणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळ होण्याची वाट पाहू नये.

रोग न व्हावा म्हणून दात व हिरड्या स्वच्छ ठेवाव्यात. कृत्रिम झडप असलेल्यांनी व हा रोग पूर्वी होऊन गेलेल्यांनी दात काढण्यापूर्वी आपल्या हृदयाच्या डॉक्टरांस विचारून प्रतिजैविकाची एक मात्रा घ्यावी. ज्या मुलांना ऱ्हुमॅटिक ताप येऊन गेला आहे त्यांचे तीन आठवड्यांनी घ्यावयाचे पेनिसिलिनचे इंजेक्शन चुकवू नये. मूल बरे दिसते म्हणून आईबाप ते थांबवितात, आणि झडप आतून झिजत राहते.

शेवटी संस्थेकडे एक मागणे आहे. महोत्सवाच्या प्रसंगी मागणे मागितले तर यजमान रागावत नाहीत, असा माझा अनुभव आहे. आपला वैद्यकीय साहाय्य निधी गेली अनेक वर्षे गरजूंच्या उपयोगी पडत आला आहे. अर्ज येतो, तो मासिक सभेपुढे जातो, चौकशी होते आणि मग रक्कम मिळते. ही पद्धत चोख आहे, व सार्वजनिक पैशास ती शोभणारी आहे. तथापि मी ज्या रोगाविषयी बोललो तो महिन्याची सभा ओळखत नाही. त्या भावाने थांबण्याची दोन कारणे सांगितली होती, थोरले दादा आणि पैसा. दादांचे काम फोनवरही झाले असते. पैशाचे झाले नसते.

म्हणून माझी विनंती अशी की, या निधीतील काही भाग वेगळा काढावा. डॉक्टरांचे लेखी पत्र आले असता दोन विश्वस्तांच्या सहीने त्याच दिवशी ठरावीक रक्कम इस्पितळाकडे पोचती व्हावी, आणि चौकशी मागाहून व्हावी. याशिवाय तरुण सभासदांपैकी दोघा-चौघांनी रोग्याच्या घरची मंडळी येईतो कागदपत्रे, आयुष्मान योजनेचे कार्ड, रक्तदाते यांची धावपळ अंगावर घ्यावी. एखाद्या वर्षी या निधीचा एकदाही उपयोग झाला नाही, तर आनंदच मानावा.

सुटेल काय, या प्रश्नाचे नक्की उत्तर मला तेव्हाही देता आले नाही आणि आजही येणार नाही. पण आता कोणी तसे विचारले, तर मी मान हलवून थांबत नाही. मी आकडा सांगतो, धोक्याचे दिवस सांगतो, आणि मग विचारतो, “आपल्याला कशाची अडचण आहे?” त्या प्रश्नास संस्थेने आपल्या बाजूने उत्तर तयार ठेवले, तर माझा हप्ता भरून पावला असे मी समजेन.